गाडीची किंमत कागदावर किती लिहायची?

आजचा विषय जुन्या गाडीचा. जुनी चारचाकी विकताना किंवा घेताना तिची किंमत कोणी ठरवायची, कागदावर किती लिहायची आणि सरकारला त्यातून किती द्यायचं, हे प्रश्न आमच्याकडे सारखे येतात. चोपड्याहून येतात, शिरपूरहून येतात, पारोळ्याहून येतात. गाडी आता फक्त मोठ्या घरातली गोष्ट राहिलेली नाही. केळीचे वेफर्स, बिबड्या, पापड, शेवया बाजारात न्यायला आपल्याच गटातल्या बायका जुनी ओम्नी किंवा इको बघत असतात. घरातला कर्ता माणूस गेला की अंगणात उभी असलेली गाडी काय करायची, हा प्रश्नही बाईवरच येऊन पडतो.

बहुतेक प्रश्नांचा सूर एकच असतो. “खरी किंमत लिहिली तर कर जास्त बसेल म्हणतात. मग कमी लिहू का?”

हे ‘म्हणतात’ कुठून आलं, ते आधी बघू. आपल्याकडे व्यवहार म्हटला की जमिनीचा. शेत नाहीतर घर घेताना मुद्रांक शुल्क किमतीवर बसतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे सरकारचा स्वतःचा दर असतो, रेडी रेकनर. खरेदीखतातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर शुल्क भरावं लागतं. एखादा प्लॉट खरोखरच अडचणीचा असेल, नाल्याकाठचा असेल आणि सरकारी दर त्याला फार जास्त वाटत असेल, तर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून योग्य किंमत ठरवून मागता येते. त्याला अभिनिर्णय म्हणतात. म्हणजे जमिनीच्या बाबतीत मूल्यांकनाने शुल्कात फरक पडू शकतो. जाता जाता हेही सांगतो की बाईच्या नावावर घर खरेदी केलं तर महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पण तो वेगळ्या दिवसाचा विषय.

जमिनीचा हा हिशेब लोकांनी उचलून तसाच गाडीला लावला. त्यात आता मोबाईलची भर. नात्यातली मुलं परदेशात आहेत, तिथले व्हिडिओ इथे फिरतात. अमेरिकेत टेक्सास नावाचं राज्य आहे. तिथे जुनी गाडी एका माणसाने दुसऱ्याला विकली, तरी घेणाऱ्याला सव्वासहा टक्के विक्रीकर भरावा लागतो. दिलेली किंमत आणि सरकारने धरलेल्या किमतीचे ८० टक्के, यांत जे जास्त असेल त्यावर हा कर लागतो. गाडी ठोकलेली, खराब असेल, तर तिथला माणूस परवानाधारक डीलरकडून नाहीतर विम्याच्या तज्ज्ञाकडून मूल्यांकनाचा दाखला आणतो आणि त्या कमी किमतीवर कर भरतो. वीस कामकाजी दिवसांत तो दाखला घ्यावा लागतो. तिथे ते योग्यच आहे. तिथला कायदाच तसा आहे.

आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रातली गाडी महाराष्ट्रातच एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेली, दोघंही गाड्यांचा धंदा करणारे नसले, तर विक्रीच्या किमतीवर कुठलाही कर बसत नाही. गाडी दोन लाखांना विका नाहीतर वीस हजारांना, नावावर करायची फी तेवढीच. घरगुती कारला ती ३०० रुपये आहे, मोटरसायकलला १५०. स्मार्ट कार्डाचा आणि टपालाचा खर्च वेगळा. बस्स.

मग कर गेला कुठे? तो आधीच भरलेला असतो. गाडी नवी घेतली तेव्हा शोरूमच्या बिलावर आरटीओचा एकरकमी कर भरला जातो. महाराष्ट्रात पेट्रोलच्या घरगुती गाडीला, १० लाखांपर्यंतच्या किमतीला, तो ११ टक्के आहे. डिझेलला १३ टक्के. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीला ६६ हजार रुपये पहिल्या मालकानेच भरले. त्यानंतर ती गाडी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कितीही हात बदलो, तो कर पुन्हा भरायचा नसतो. विकणाऱ्या बाईलाही काळजी नको. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा आयकर लागत नाही, कारण कायदा अशा गाडीला घरातली वापरायची वस्तू धरतो. तसंही जुनी गाडी कोण नफ्यात विकतो?

म्हणून ‘कर वाचवायला किंमत कमी लिहा’ असं कोणी सांगितलं, तर आम्ही आता एकच प्रश्न विचारतो, “कुठला कर?” समोरचा माणूस कराचं नाव सांगू शकत नाही. मग कमी लिहिण्यात फायदा कोणाचा, ते शोधायचं.

चोपडा तालुक्यातल्या एका ताईची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलंय. नवरा आजारपणात गेला. मागे दोन मुलं, सासू आणि २०१५ ची पेट्रोलची व्हॅगन आर. गाडी नवऱ्याच्या नावावर. तेरावा झाल्यावर नात्यातलाच एक माणूस म्हणाला, “वहिनी, गाडी उभी राहून सडेल. मी एक लाखाला घेतो. कागदावर चाळीस हजार लिहू, नाहीतर सरकार टॅक्स कापून घेईल. तुम्ही फक्त सह्या करा.” आणि कोऱ्या फॉर्मवर सह्या मागितल्या. ताई बैठकीला आली ती फॉर्म पदराखाली घेऊन. म्हणाली, “आते काय करानं?”

आम्ही तिला म्हटलं, सही राहू दे. आधी गाडीची किंमत काढू. ती सरकारसाठी नको, तुझ्यासाठी हवी.

किंमत काढणं म्हणजे काही मोठं शास्त्र नाही, पण ते एकाच माणसावर सोडू नये. आम्ही तिची गाडी घेऊन जळगावला गेलो. चालवायला तिचा भाचा होता, कारण ताईला गाडी येत नाही आणि आमच्यात ज्या दोघींना येते त्यांना शहरातल्या वाहतुकीचा धाक आहे. दोन गॅरेज, एक जुन्या गाड्यांचा डीलर आणि एक विम्याचं काम करणारा ओळखीचा सर्व्हेअर, अशा चार ठिकाणी दाखवली. प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला. पहिला गॅरेजवाला १ लाख ८० म्हणाला, दुसरा २ लाख २०. डीलर १ लाख ६५ वर अडून बसला. डीलर कमीच सांगणार, त्याला पुढे विकून कमवायचं असतं. त्याच्यावर रागवायचं कारण नाही. सर्व्हेअरने गाडी खालून-वरून पाहिली, दाराच्या कडांचा रंग पाहिला, मीटर आणि सर्व्हिसच्या पावत्या ताडून पाहिल्या आणि २ लाखांच्या आसपास लिहून दिलं. कुठलाही आकडा एक लाखाच्या जवळपासही नव्हता.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्या. विम्याच्या कागदावर गाडीची एक किंमत छापलेली असते, तिला आयडीव्ही म्हणतात. कंपनीच्या विक्री किमतीतून वयाप्रमाणे घट कापून ती काढतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. पुष्कळ लोक हप्ता कमी बसावा म्हणून ती खाली ठेवतात. त्यामुळे जुन्या गाडीचा आयडीव्ही म्हणजे बाजारभाव असं समजू नका. ताईच्या नातलगाने नेमका तोच कागद पुढे केला होता. “बघा, विमावालेच एवढी किंमत धरतात.” धरतात खरं, पण ती विम्याच्या कामापुरती.

बाजारभाव कशावर ठरतो? किती मालक झाले, किती चालली, ठोकली होती का, टायर, बॅटरी, एसी. आपल्या खान्देशात उन्हाचंही धरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर, बॅटरी, डॅशबोर्ड लवकर जातात. झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या गाडीला पैसे जास्त येतात, हे आम्हाला त्या दोन्ही गॅरेजवाल्यांनी न विचारता सांगितलं. आणखी एक कारण गेल्या काही काळातलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही थोडा खाली सरकतो. म्हणून कोणी दोन वर्षांपूर्वीचा भाव सांगून तुम्हाला गाडी विकत असेल तर ऐकून घ्या आणि हसून सोडून द्या.

भावातून काय काय वजा होतं, तेही आधी काढून ठेवावं. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी लागते. कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात. ई-चलन बाकी असतील ती भरावी लागतात. पीयूसी लागतं, विमा चालू लागतो. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली गाडी असेल तर सावध व्हा. १ एप्रिल २०२२ पासून कारची नोंदणी पुन्हा करायची फी ५,००० रुपये झाली, आधी ती ६०० होती. वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. वर पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून कोणी नाचत आलं तर आम्ही आधी आरसीवरची तारीख बघतो.

आता ताईच्या गाडीच्या कागदांकडे येऊ. घोळ तिथेच होतो.

गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर असते तेव्हा ती थेट तिसऱ्याच्या नावावर करायची म्हणून कोऱ्या सह्या घेणं, जुन्या तारखेने नवऱ्याचीच सही मारणं, हे प्रकार चालतात. बायांनो, ते गुन्ह्याचं काम आहे. सरळ रस्ता आहे. मालक वारला की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायची. मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांची संमती लागते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगे, मुली आणि मेलेल्याची आई, सगळ्यांचा सारखा वाटा. सासूचाही वाटा आहे हे कळल्यावर बैठकीत दोघी-तिघींचे चेहरे उतरले. पण आहे तर आहे. मुलींचाही आहे, हे मात्र सगळ्यांनी खुशीत ऐकलं. ताईच्या सासूने कुरकूर न करता अंगठा दिला. म्हणाली, “मना पोर्‍यानी गाडी, मना नातूले कामे येवो.”

एक सोय नवी आहे आणि अजून फार जणींना माहीत नाही. २०२१ पासून आरसीवर वारसदार, म्हणजे नॉमिनी लावता येतो. बँकेच्या खात्याला लावतो तसाच. मालकाच्या जिवंतपणीच हे करून ठेवलं तर नंतरची धावपळ पुष्कळ कमी होते. आज संध्याकाळी घरातल्या गाडीचं, मोटरसायकलचंसुद्धा आरसी काढून बघा, नॉमिनीच्या जागी कोणाचं नाव आहे.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची नोंद असते. कर्ज फिटलं तरी ती नोंद आपोआप जात नाही. त्यांच्याकडून ना-हरकत आणि फॉर्म ३५ आणून ती काढावी लागते. मोबाईलवरच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, कर्जाची नोंद यातलं बरंच दिसतं. गाडी बघायला जाण्याआधी घरबसल्या हे करता येतं. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला सांगा, दोन मिनिटांत काढून देते.

ताईच्या नावावर गाडी झाली आणि मग तिने ती विकली. धरणगावच्या एका शिक्षकांनी घेतली, २ लाख ५ हजारांना. त्यातही थोडी घासाघीस झाली, टायर बदलायला झाले होते. पैसे बँकेतून आले. कागदावर २ लाख ५ हजारच लिहिले.

खरी किंमत लिहिण्यावर आम्ही एवढं का अडून बसतो? कर तर वाचत नाहीच, पण कमी लिहिल्याने बाईचं नुकसान होतं. उद्या घेणाऱ्याने अर्धे पैसे थकवले तर तुमच्या हातात पुरावा चाळीस हजारांचा. वारसांमध्ये वाटणी झाली तर वाटा चाळीस हजारांतला. घेणारी बाई असेल, तिला नंतर गाडीवर कर्ज काढायचं असेल, तर बँक तिचाच कागद तिला दाखवणार. आणि वरचे पैसे रोख द्या म्हणणाऱ्याला आठवण करून द्या की २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. दंड घेणाऱ्याला बसतो, म्हणजे विकणाऱ्या बाईलाच.

डीलरकडून गाडी घेतली तर तिथे एक कर येतो, तोही समजून घ्या. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. तिथे ठरलं आणि जानेवारी २०२५ पासून लागू झालं की नोंदणीकृत व्यापाऱ्याने जुनी गाडी विकली तर १८ टक्के जीएसटी. तेव्हा गावोगावी बोंब उठली की जुन्या गाडीवर आता १८ टक्के कर. अर्धवट ऐकल्याचा परिणाम. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, व्यापाऱ्याच्या फरकावर आहे. त्याने १ लाख ७० हजारांना घेतली आणि २ लाखांना विकली, तर फरक ३० हजार आणि त्यावर १८ टक्के म्हणजे ५,४०० रुपये. तोट्यात विकली तर काहीच नाही. आणि तुम्ही-आम्ही साध्या माणसांनी एकमेकांना विकली तर हा कर लागतच नाही. म्हणून डीलर दोन लाखांच्या गाडीवर ३६ हजार जीएसटी मागू लागला तर बिल मागा. बिल मागितलं की आवाज बदलतो.

आता ती एक जागा, जिथे आपल्या भागातल्या लोकांना गाडीचा कर खरोखरच भरावा लागतो आणि जिथे हिशेब न करता गेलेला माणूस फसतो. ती म्हणजे परराज्यातली गाडी.

आपला मुलूखच सीमेवरचा. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते एकमेकांना छेदतात. शिरपूरपुढे पळासनेर ओलांडलं की सेंधवा, मध्यप्रदेश. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर. नवापूर ओलांडलं की गुजरात. लेकी-सुना तिकडच्या, कामधंदा तिकडचा. सुरतेला साडीच्या आणि हिऱ्याच्या कामाला गेलेला भाऊ फोन करतो, “इथे गाडी चाळीस हजारांनी स्वस्त आहे.” जीजे ०५ नंबरची गाडी येते आणि अंगणात उभी राहते. सगळे खूश. मग कोणीतरी सांगतं की हिला एमएच नंबर घ्यावा लागेल.

लागतोच. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर त्या राज्याचा नवा नंबर घेणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी आधी मूळ राज्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत आणायची आणि मग इथे, धुळ्याची असेल तर एमएच १८, जळगावची असेल तर एमएच १९, असा नंबर मिळण्याआधी महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा. गुजरातमध्ये किंवा मध्यप्रदेशात पहिल्या मालकाने भरलेला कर इथे वळता होत नाही. तो परत मागायचा तर त्या राज्याकडेच अर्ज करायचा आणि त्यासाठी तिकडे खेटे घालायचे.

हा कर कशावर लागतो, ते ऐका. तुम्ही किती रुपयांना घेतली यावर नाही. गाडी नवी होती तेव्हाची बिलाची किंमत, पेट्रोल की डिझेल, आणि आज तिचं वय किती, यावर. वय वाढत जाईल तसा कर कमी होत जातो. म्हणून इथेही कागदावर कमी किंमत लिहून काही साधत नाही आणि गॅरेजवाल्याचा मूल्यांकनाचा दाखलाही चालत नाही. इथे कामाचा कागद एकच, मूळ खरेदीचं बिल. आणि कामाची तारीख एकच, पहिल्या नोंदणीची. डिझेलची, महागाची, तीन वर्षांची गाडी आणली तर कर मोठा. पेट्रोलची, साधी, दहा वर्षांची आणली तर कमी. भाव ठरवण्याआधीच आरसीची आणि बिलाची प्रत घेऊन आपल्या आरटीओत जा, कर किती बसेल ते विचारा आणि तो आकडा गाडीच्या किमतीत मिळवा. वर ना-हरकतीसाठी सुरतेच्या दोन खेपा, एजंटाचे पैसे, नवी नंबरप्लेट. आमच्या एका गटाने शिंदखेड्यात असा हिशेब पाटीवर मांडला तेव्हा चाळीस हजारांनी स्वस्त असलेली गाडी इथल्या गाडीपेक्षा महाग पडत होती. त्यांनी इथलीच घेतली.

मूळ बिल हरवलंय असं विकणारा सांगत असेल तर घाई करू नका. ज्या शोरूममधून घेतली तिथून प्रत मिळू शकते, ती त्यानेच आणून द्यावी. ना-हरकतही त्यानेच काढून द्यावी. एकदा पूर्ण पैसे हातात पडले की तो फोन उचलत नाही, हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

सुरतेच्या गाडीबद्दल आणखी एक. तापी आपल्याकडून वाहत तिकडे जाते. ऑगस्ट २००६ मध्ये तिने सुरत बुडवली होती. कुठल्याही शहरात पाणी शिरलं की गाड्या बुडतात आणि धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जातात. पायाखालची मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबून बघा, ओलसर कुबट वास येतो का. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का, पट्टा पूर्ण ओढल्यावर टोकाला चिखलाचा डाग दिसतो का. बुडालेल्या गाडीचं वायरिंग पुढे वर्षभर पैसे खातं.

मालवाहू पिकअप, छोटा हत्ती किंवा भाड्याने माणसं नेणारी पिवळ्या पाटीची गाडी, हिचा हिशेब वेगळा आहे. तिला परवाना लागतो, फिटनेस लागतं, करही वेगळ्या दराने. पांढऱ्या पाटीच्या इकोत भाडं भरून चालवायचा विचार असेल तर तसं करू नका. अपघात झाला तर विमा हात वर करतो. आणि गाडी गटाच्या पैशातून घेतली तर कोणाच्या नावावर करायची, याचा ठराव बैठकीत आधी लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन मगच पैसे द्या. गाडी एकीच्या नावावर, हप्ते सगळ्यांचे आणि ठराव कुठेच नाही, अशी तीन भांडणं आम्ही सोडवलीत. एक अजून सुटलेलं नाही.

विकणारीने नावावर झाल्याशिवाय निवांत बसू नये, ते का, हे सांगून थांबतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार असा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मालकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती पुढे हातोहात आणखी विकली गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये अपघात झाला, गाडीचा विमा नव्हता. ६ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने निकाल दिला की ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. विकून दोन वर्षं झाली होती, तरीसुद्धा.

म्हणून कायद्याने विकणाऱ्याला १४ दिवस दिलेत, फॉर्म २९ देऊन आरटीओला कळवायला. घेणाऱ्याला ३० दिवस, फॉर्म ३० साठी. परराज्यात विकली तर विकणाऱ्याला ४५ दिवस. हे दिवस घेणाऱ्याच्या भरवशावर सोडू नका. ताईने शिक्षकांसोबत बसून दोन्ही फॉर्म एकाच दिवशी भरले. गाडी हातात देताना साध्या कागदावर तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, दोन साक्षीदार घेतले, आधार कार्डाच्या प्रती घेतल्या. वेळही लिहायची, कारण त्याच संध्याकाळी कुठे चलन झालं तर ते कोणाचं, हे त्यावरून ठरतं. विमाही १४ दिवसांत नव्या मालकाच्या नावावर करायला सांगा. ‘नो क्लेम बोनस’ मात्र जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर जात नाही. ताईच्या बाबतीत तो नवऱ्याच्या नावावर जमलेला होता. पुढे ताईने दुसरी गाडी घेतली तर त्याचा काही उपयोग होतो का, ते तिने विमा कंपनीकडे लेखी विचारलंय. उत्तर आलं की पुढच्या बुधवारी सांगू.